झिजलेली पट्टी

माहा जन्म बीड जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका खेड्यातला, नाव सांगून तुमाला काई कळनार न्हाई, तिथं एसटी पन रोज येत नव्हती. बाप विहिरी खांदायच्या कामावर, खडकाला भोकं पाडून सुरुंग भरायचा, त्या आवाजानं त्याचे कान गेलते, म्हनून आमच्या घरात समदेच मोठ्यानं बोलायचे, मलाबी तीच सवय लागली, लगीन झाल्यावर सासू म्हनायची, ही पोरगी भांडल्यावानी कामून बोलती. नववीत व्हते तवा आई वारली, शाळा सुटली, दोन वर्सानं लगीन झालं आन् आमचे ह्ये मला घेऊन हिकडं पुन्याजवळ तळवड्याला आले. ह्ये तवा एका कंपनीत हेल्पर व्हते. पत्र्याची एकच खोली, तिच्यात आमी दोगं आन् ह्यांचा धाकटा भाऊ संपत, म्हंजे माहा दीर.

संपतचं काय सांगू तुमाला. आमच्या दोगात सहा म्हैन्याचं अंतर, नात्यानं मी मोठी वहिनी, पन त्यो माहा सोबतीच झाला बगा. त्योबी कंपनीत कामाला व्हता, सुपरवायझर कसा चालतो, शेठ फोनवर कसा बोलतो, समद्यांची नक्कल करायचा, आमी जेवता जेवता ठसका लागंस्तोवर हसायचो. कुत्र्याला लई भ्यायचा, एवढा उंचपुरा मानूस, पन गल्लीत कुत्रं दिसलं की माह्या मागं येऊन चालायचा. मला सायकल त्यानं शिकवली, आयटी पार्कच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, सुट्टीच्या दिशी, मी साडी खोचून आन् त्यो मागून क्यारिअर धरून पळायचा. सायकल आली म्हनून मी कामाला लागले, न्हाईतर कोन जाऊ देतंय एवढ्या लांब.

काम म्हंजे तळवड्याच्याच पार दुसऱ्या टोकाला, छोटी कंपनी व्हती, गाड्यांचे लोखंडी पार्ट बनायचे. मशीननं पत्रा कापला की त्याच्या कडेला बारीक काट्यावानी धार ऱ्हाती, तिला बर म्हनतात. आमी धा-बारा बाया दिसभर कानशीनं ती बर काढायचो. दिसायला सोपं वाटतं, पन पयल्या म्हैन्यात समद्या बोटाला चिंध्या. सुपरवायझर व्हता त्यानं मला शिकवलं, बाई, कानस पुढं ढकलायची, मागं घासत आनायची न्हाई, आन् डोळ्यानं बगू नगा, अंगठ्यानं बगा, डोळा फसतो. चौदा वर्सं मी तेच केलं. शेवटी शेवटी अंगठा नुसता फिरवला की मला कळायचं, ह्यो पीस पास का रिजेक्ट. मंग ती कंपनी दुसरीकडं गेली, नव्या जागी मशीनच बर काढायला लागलं, आमा बायांना म्हनले, या आता.

तवर ह्यांचं आन् संपतचं कंपनीतलं काम सुटून लई दिस झालते. संपत झाडं तोडनाऱ्या एका ठेकेदाराकडं लागला, तिथं शिकला, मंग दोगा भावांनी झाडं कापायचं सवताचं चेनचं मशीन घेतलं. चाकनकडं नुसती गोडाऊनं आन् कंपन्या उठत व्हत्या, जिथं प्लॉट पडायचा तिथं झाडं तोडायची, सोसायट्यांच्या फांद्या काढायच्या, काम सरत नव्हतं. तिथंच राजगुरुनगरकडच्या एकाची वळख झाली, त्योबी झाडं तोडनारा, त्याची भैन रेखा, ती संपतला केली. रेखा माही जाऊ. लई शांत बाई. शेजारची खोली घेतली त्यांनी, पन चूल आमची एकच, त्यांना एक पोरगी झाली, माह्या लेकीमागं तीबी माह्याच मांडीवर वाढली.

पयलं दोगंबी मशीन चालवायचे. मंग ह्यांचे हात जायला लागले. त्या मशीनचा थरथराट असतो ना, त्यो वर्सानुवर्सं हातात बसतो. थंडीच्या दिवसात बोटं पांढरीफटक पडायची, शर्टाचं बटन लावता येईना, हातातला पेला कवा खाली पडला ते कळंना. डाक्टर म्हनले, मशीन सोडा. तवापासून संपत मशीनवर आन् ह्ये दोरीवर. दोरी म्हंजे, झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं वढून धरायचं.

आता पट्टीचं सांगते. मशीनच्या पुढं ती लांब तलवारीवानी असती ना, तिला दुकानदार बार म्हनतात, आमी पट्टी म्हनतो. तिच्या कडंनं खाच असती, त्या खाचंत चेन पळती. चेन पळून पळून खाचंचे दोन्ही ओठ झिजतात, कुठं फाकतात, कुठं एक ओठ खाली आन् एक वर ऱ्हातो, कडेला बर येती. मंग चेन लटपटती, आन् मशीन सरळ धरलं तरी काप तिरका जातो. एक दिवस संपत आसंच एक पट्टी कोपऱ्यात टाकून चाललता, मी सहज अंगठा फिरवला आन् म्हनले, अरे ह्ये तर माह्या कंपनीतलंच काम हाय. बसले दारात. फाकलेले ओठ रुळाच्या तुकड्यावर हातोडीनं हळू हळू मिटवले, मधी हॅकसॉचं पातं घालून, म्हंजे खाच बुजत न्हाई. बर काढली. कानशीनं दोन्ही ओठ एका पातळीत आनले, सुताराचा काटकोनी गुन्या लावून बगितलं, गुळगुळीत फरशीवर पट्टी उभी केली, हालंना. संपत दुसऱ्या दिशी कामावरून आला त्यो दारातूनच म्हनला, वहिनी, लोन्यातून गेल्यावानी गेली.

मंग काय, त्यानंच समद्याला सांगितलं. मोशीचे आले, चिखलीचे आले, चाकनहून यायला लागले. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असती तवा तर दारात चपला मावायच्या न्हाईत. दोगा भावांनी मला वाइस आनून दिला, लोखंडी शिकंजा, त्यो खिडकीच्या कट्ट्याला पक्का बसवला. लोकं म्हनायला लागले, तळवड्याच्या बाईकडं न्या, ती मेलेली पट्टी उठवती. काय सांगू तुमाला, मला बरं वाटायचं. चौदा वर्सं कंपनीत काम केलं, पन माहं नाव घेऊन कोनी काई आनलं नव्हतं. आता मानसं गाडीला किक मारून माह्या दारात यायची. ह्ये मी मुद्दाम सांगते, कारन पुढं जे झालं ते ह्याच्यातूनच झालं.

त्यो दिवस मला तासातासानं आठवतो. दुपारची येळ, मी दळन आनलं व्हतं, पीठ डब्यात भरत व्हते. संपत आला, पट्टी गोनपाटात गुंडाळलेली. चाकनच्या अलीकडं एका प्लॉटवर कडूलिंबाचं मोठं झाड व्हतं, कंपाउंडच्या भिंतीला लागून, दुसऱ्या दिशी सकाळी जमीन सपाट करायला मशीनी येनार, ठेकेदार म्हनत व्हता, उद्या सकाळी झाड आडवं पायजे न्हाईतर मी दुसरा मानूस बोलावतो. त्या मापाची नवी पट्टी पिंपरीच्या दुकानात नव्हती, परवा येनार व्हती. मी पट्टी फरशीवर उभी केली, ती लगीच कलली. पातं घातलं, खाच उरलीच नव्हती, नखाएवढी. मी म्हनले, संपत, ही मेली रे, हिला टाक. त्यो हसला आन् म्हनला, वहिनी, त्या मोशीवाल्याची हिच्यापरीस वाईट व्हती, ती उठवली तुमी, आन् घरच्या मानसाला न्हाई म्हनता व्हय.

न्हाई म्हनायचं व्हतं. तोंडात आलं व्हतं. पन मी पट्टी वाइसात धरली.

तास-दीड तास घासली. ओठ मिटवले, बर काढली, पन एक ओठ जरासा खालीच ऱ्हायला. दुसरा त्याच्या बरोबरीला आनावा तर खाच एवढी उथळ व्हती की चेनचे खालचे दात तळाला टेकले असते, चेन पळालीच नसती. म्हनून मी तसंच ठिवलं. फरशीवर उभी करून कडंनं लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवून बगितला, ती माही रीत, दोन्ही ओठ सारखे असले तर कागद आत जात न्हाई, त्यो तुकडा सुर्रकन आत गेला. कंपनीत असती तर ती मीच रिजेक्टच्या पेटीत टाकली असती. मला दिसलं व्हतं. मी पट्टी पुसली, तेल लावलं आन् संपतच्या हातात दिली.

देताना मी म्हनले, हिनं फांद्याच काप, बुंध्याला लावू नगंस. आसं मी म्हनले आसं मला वाटतं. ह्ये मागनं म्हनले, तू म्हनलीस, मी ऐकलं. पन ह्ये तवा भाईर नळावर व्हते. कधी मला माहा आवाज ऐकू येतो, कधी नुसता त्याचा हात दिसतो गोनपाट गुंडाळनारा. लई आठवून बगितलं, आठवत न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी साडेधा-आकराला झालं. मी तिथं नव्हते, ह्यांनी जे सांगितलं ते सांगते. झाड पाडताना पुढून एक खाच काढतात, मंग मागून कापत येतात, आन् मधी थोडं लाकूड सोडतात, बिजागरीवानी, त्या बिजागरीवर झाड हळूच आपल्याला पायजे तिकडं वळतं. संपतनं पुढची खाच नीट काढली. मागून कापायला लागला तसा काप तिरका तिरका उतरत गेला, एका बाजूनं बिजागरीच कापली गेली. ह्ये वरडले, संपत, सोड, मशीन सोड. झाड फिरलं. ह्ये म्हनले, मी दोरी वढत व्हतो, पन दोरी हातात हाय का हातातून चाललीय तेच मला कळलं न्हाई, बोटंच नव्हती मला. झाड भिंतीकडं गेलं आन् संपत मधी व्हता.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दोन दिवस व्हता. डाक्टरांनी लई केलं. तोंडात नळी व्हती, बोलता येत नव्हतं, मी आत गेले तवा डोळे उघडे व्हते, माह्याकडं बगत व्हता का वर पंख्याकडं, कोन सांगनार. मी त्याच्या पायाला हात लावला. मोठी वहिनी दिराच्या पायाला हात लावत न्हाई, पन मी लावला. दुसऱ्या दिशी दुपारी गेला. रेखा भाईर बाकड्यावर बसलेली, तिला कोनीतरी केळं दिलं व्हतं, ते तिच्या हातात तसंच व्हतं.

ठेकेदार म्हनला, मी त्याला क्रेन येईस्तोवर थांब म्हनलो व्हतो. पन त्यानं संपतला आसं सांगताना कोनीच ऐकलं नव्हतं. पंचनामा झाला, मशीन पोलिसांनी नेलं, पाच-सहा म्हैन्यांनी परत मिळालं, पट्टी तशीच लागलेली. मी ती काढली, फरशीवर उभी केली आन् कडंनं लग्नपत्रिकेचे दोन तुकडे एकावर एक सरकवले. दोन्ही गेले. ह्ये बगत व्हते. म्हनले, लिंब आतून पोकळ व्हता, मुंग्या व्हत्या त्याच्यात, मी सवता बगितल्या, तू गप ऱ्हा. मी म्हनले, मंग तुमी रोज दोरीचं कामून बोलता झोपंत. तवापासून आमी दोगांनी त्यो विषय काढला न्हाई.

पन रेखा शेजारी व्हती ना. चूल एकच. सकाळी ती एका क्यांटीनमधी पोळ्या लाटायला जायची, यायची, माह्यासंगं जेवायची. मला ताप आलता तवा डोक्याला तेल लावून बसली, म्हनली, ताई, तुमी हायेत म्हनून मी हाय. त्या दिशी मी ठरवलं. ते तेल मला सोसंना.

उन्हाळ्याचे दिस, भर दुपारी आमी घरमालकाच्या गच्चीवर कपडे काढायला गेलतो. मी म्हनले, रेखा, त्या दिशी संपतच्या मशीनला जी पट्टी व्हती ती मी घासली व्हती आन् ती नीट नव्हती. ती थांबली. म्हनली, तुमी त्यांना सांगितलं व्हतं का. मी म्हनले, सांगितलं आसं वाटतं, पन शपथ घेऊन सांगता येत न्हाई. ती म्हनली, दाखवा मला. खाली आलो. मी पट्टी फरशीवर उभी केली, तिच्या हातात कागदाचा तुकडा दिला, तिनं सवता सरकवला. एकदा सरकवला, काढला, परत सरकवला. म्हनली, हे तुमाला दिसलं व्हतं. मी म्हनले, व्हय. म्हनली, आन् तरी दिली. मी म्हनले, व्हय, दिली. तिनं इचारलं, कामून. आता काय सांगनार तिला, मला चांगलं म्हनत व्हते लोकं म्हनून. पन तेच सांगितलं, दुसरं काई नव्हतंच. ती उठली, गच्चीवर गेली आन् दोरीवरचे फक्त तिचे आन् पोरीचे कपडे काढून आनले. आमचे तसेच ठिवले. त्या आठवड्यातच पोरीला घेऊन राजगुरुनगरला भावाकडं गेली.

ह्ये माह्यावर लई चिडले. म्हनले, काय मिळालं तुला सांगून, आता पोरगी बी गेली. खरंच, काय मिळालं. सांगितल्यावर हलकं वाटतं म्हनतात, मला काई वाटलं न्हाई. घर तेवढं मोठं झालं.

वरीसभर मी कानशीला हात लावला न्हाई. वाइसावर कपडा टाकून ठिवला. मंग एका गुरुवारी चाकनकडचा एक मानूस आला, न्हाई म्हनलं तरी हटंना, बगा तर नुसतं म्हनला. बगितली, मेलेली. मी म्हनले, भाऊ, ही गेली, हिला वापरू नका. त्यो म्हनला, राहू द्या, द्या हिकडं, मी घरी ठोकून घेतो कशीतरी. आन् मला काय झालं सांगता येत न्हाई, मी ती पट्टी वाइसात धरली, हॅकसॉ घेतला आन् तिची कड कापायला लागले. लई कडक पोलाद असतं ते, एक पातं तुटलं, दुसरं लावलं. त्यो पयलं बगत ऱ्हायला, मंग शिव्या द्यायला लागला, म्हनला, बाई येडी हाय, दुसऱ्याची वस्तू मोडती. मी कड कापली, खाच उघडी पाडली, चेन परत कधी बसू नये एवढी, आन् त्याच्या हातात दिली. त्यानं चारचौघात सांगितलं. लोकं कमी झाले. ज्याला यायचं ते येतात. मी पयलंच सांगते, चालन्याजोगी असंल तर करून देईन, नसंल तर कापून देईन, पटत असंल तर आत या.

मागच्या साली रेखाचा भाऊ आला. मी दारात ज्वारी निवडत व्हते, गाडी थांबली, मला वाटलं पोरीचं काई बरंवाईट झालं. त्यानं पिशवीतून पट्टी काढली. म्हनला, ताई, ही बगा जरा. मी म्हनले, तुमी माह्याकडं कसे. त्यो खाली बगून म्हनला, रेखाआक्कानंच पाठवलं. आक्का म्हनली, तिलाच दाखव, ती आता खोटं सांगनार न्हाई.

मी पट्टी घेतली. अंगठ्याला काई कळंना, म्हनून ज्वारी बाजूला सारून आधी हात धुतले. मंग फरशीवर ठिवली, पातं घालून बगितलं. खाच गेली व्हती, एक ओठ चिरलेला व्हता. मी म्हनले, न्हाई चालनार ही. त्यो म्हनला, मंग कापा. मी कापली, त्यो शेवटपर्यंत उभा व्हता. जाताना मी इचारलं, रेखा कशी हाय. म्हनला, बरी हाय, पोरगी दहावीला हाय. मी घरात बगितलं, काई द्यावं का बरुबर, शेंगदान्याचे लाडू व्हते, पन दिले न्हाईत. तिनं घेतले नसते आन् त्याला बिचाऱ्याला वाटंत फेकता आले नसते. रेखा माह्याशी बोलत न्हाई. बोलंल आसं मला वाटत बी न्हाई, आन् तिनं बोलावं आसं म्हनायचा मला हक्क पन न्हाई. तिला वाटलं, तिच्या भावाची पट्टी मी खरी बगंन, एवढंच.

आता ह्यांचे हात पुरते गेलेत, जेवताना चमचा लागतो, भाकर मी मोडून देते. माही लेक भोसरीला दिली, ती म्हनती, आई, सोड ह्ये, डोळे जातील. डोळे तर चाललेतच, पन अंगठा हाय अजून. दिवसाला एखादी पट्टी येती, कधी दोन दिस कोनीच येत न्हाई. मी बसते दारात. तुमी लिवताय तर लिवा, मला काई लपवायचं न्हाई, फक्त संपतला येडा म्हनू नगा, त्याचा माह्यावर इश्वास व्हता. ज्यांच्या हातात मशीन हाय ती समदी मानसं जेवायच्या येळंला आपापल्या घरी येवोत, मी सकाळी दिवा लावते तवा एवढंच म्हनते.

आता उठते. त्यो भाईर कट्ट्यावर बसलाय ना, निळ्या शर्टातला, आळंदीकडून आलाय, त्याची पट्टी मी तुमी यायच्या आधीच बगितली. मेलीय ती. दोन लहान लेकरं हायेत म्हनला त्याला. आधी चहा देते, मंग सांगते.